सरावात चमक, सामन्यात अडखळ : मानसिक तयारीतल्या या चुका टाळा

बास्केटबॉलच्या सरावात एकामागून एक फ्री थ्रो घालणारी खेळाडू सामन्याच्या शेवटच्या मिनिटात दोन्ही चुकवते आणि बाजूने लगेच शेरा येतो, 'मनाने कच्ची आहे.' हा शेरा मारणं सोपं, पण त्याने कुणाचंही काही सुधारत नाही. मनाने कच्ची म्हणजे नेमकं काय झालं? नजर स्कोअरबोर्डकडे गेली? श्वास वर चढला? मनगट कसं वळवायचं याचा विचार करत बसली? की आदल्या रात्री झोपच झाली नव्हती? या प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे आणि तो सरावानेच अंगी येतो. मानसिक तयारीतल्या बहुतेक चुका एकाच समजुतीतून होतात : ती रोज घोटायची गोष्ट आहे हे विसरून तिला सामन्याच्या दिवशी द्यायचं औषध मानलं जातं.

चूक : प्रत्येक अपयश मनाच्या माथी मारणं

कामगिरी घसरली की आधी शरीर आणि तंत्र तपासा, मग मनाकडे वळा. सलग काही दिवस झोप कमी पडली की प्रतिक्रिया मंदावते, निर्णय चुकतात, चिडचिड होते. बाहेरून बघणाऱ्याला हे सगळं 'लक्ष नाही' असंच दिसतं. लांब पल्ल्याच्या धावपटू मुलींमध्ये लोहाची कमतरता बऱ्याचदा आढळते आणि तिची खूण म्हणजे जोरच लागत नाही, सरावाला उतरावंसंच वाटत नाही. अशा मुलीला जिद्दीवर व्याख्यान देणं हा अन्याय आहे. तिला रक्ततपासणीची गरज आहे.

तंत्राचंही तसंच. एक साधी परीक्षा करून बघा. चूक फक्त सामन्यात, तीही महत्त्वाच्या क्षणीच होते का? की सरावात वेग वाढवला, थकवा आला, समोर तगडा जोडीदार उभा केला की तिथेही होते? दुसरं असेल तर मानसशास्त्राच्या नावाने वेळ घालवू नका. ते कौशल्य अजून पुरतं मुरलेलं नाही, एवढंच.

आणखी एक कारण सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही : डोक्याचा थकवा. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सायकलस्वारांना आधी ९० मिनिटं डोकं शिणवणारं काम दिलं आणि मग थकून थांबेपर्यंत सायकल चालवायला लावली. ते नेहमीपेक्षा लवकर थांबले. हृदय आणि स्नायू तेवढेच ताजे होते, पण तोच जोर त्यांना जास्त जड वाटत होता. परीक्षेचा अभ्यास करून थेट मैदानावर येणाऱ्या किंवा सामन्याआधीचे दोन तास मोबाइलवर डोळे लावून बसणाऱ्या खेळाडूने हे लक्षात ठेवावं.

चूक : ऐनवेळचं जोशपूर्ण भाषण

अंतिम सामना दोन दिवसांवर आला की कुणीतरी वक्ता बोलावला जातो. टाळ्या वाजतात, मुलं भारावतात आणि पहिली दहा मिनिटं वाईट गेली की तो जोश ओसरतो. कारण भाषणातून उत्साह मिळतो, पण सलग तीन गुण गेल्यावर काय करायचं हे त्यातून कळत नाही.

अशा भाषणांतला एक लाडका किस्सा रॉजर बॅनिस्टरचा. ६ मे १९५४ रोजी त्याने एक मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत पार केला. मग सांगितलं जातं की मैल चार मिनिटांच्या आत धावणं अशक्य, ही मनातली भिंत पडल्याबरोबर धावपटूंची रांगच लागली. प्रत्यक्षात त्याआधीचा ४ मिनिटं १.४ सेकंदांचा विक्रम गुंडर हेगने १९४५ सालीच केला होता. युद्धाच्या काळात आणि नंतर काही वर्षं स्पर्धा विस्कळीत होत्या. जॉन लँडी तर चार मिनिटं दोन सेकंदांच्या आसपास पुन्हा पुन्हा धावत होता, आणि बॅनिस्टरनंतर ४६ दिवसांनी त्याने विक्रम मोडला. लँडीला त्या बातमीने बळ दिलं असेलही. पण ते बळ वर्षानुवर्षांच्या धावण्यावर उभं होतं. नुसत्या विश्वासाने वेळ कमी होते असं मुलांना शिकवलं, की वेळ कमी झाली नाही तेव्हा ती स्वतःच्या विश्वासालाच दोष देऊ लागतात. हे मला फार घातक वाटतं.

भाषणाऐवजी रोजच्या सरावातली दहा मिनिटं द्या. आठवड्याला एकच गोष्ट घ्या : एका आठवड्यात श्वास, पुढच्या आठवड्यात चूक झाल्यावर सावरणं.

चूक : धडधड घालवण्याचा हट्ट

सर्वांत जास्त नुकसान या चुकीमुळे होतं, म्हणून इथे थोडं थांबू या.

सामन्याआधी छाती धडधडते, हात गार पडतात, पोटात गोळा येतो. अॅड्रेनालिन वाढलं की शरीर असंच वागतं : हृदय जोरात चालतं, रक्त स्नायूंकडे वळतं, पचन मागे पडतं. ही शरीराची तयारी आहे. पण खेळाडूला शिकवलेलं असतं की चांगले खेळाडू शांत असतात. मग तो स्वतःला बजावतो, 'शांत हो, शांत हो.' शरीर ऐकत नाही. आता मूळच्या धडधडीवर एक नवी भीती बसते : 'मी घाबरलोय, म्हणजे आज काही खरं नाही.' नुकसान ही दुसरी भीती करते.

२०१४ साली अॅलिसन वूड ब्रूक्स या संशोधिकेने प्रयोगांतून दाखवलं की गाणं म्हणण्याआधी किंवा भाषण करण्याआधी ज्यांनी स्वतःला 'मी उत्सुक आहे' असं सांगितलं, त्यांची कामगिरी 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा चांगली झाली. हे प्रयोग मैदानावरचे नव्हते, पण त्यामागचं कारण मैदानावरही लागू पडतं. घाबरणं आणि उत्सुक असणं या दोन्हींत शरीराची अवस्था जवळपास सारखी असते. त्यामुळे एकातून दुसऱ्यात जाणं जमतं. खवळलेल्या शरीराला क्षणात शांत करणं जवळपास अशक्य असतं.

इथे प्रशिक्षकांचीही एक चूक होते. उत्तेजना वाढेल तशी कामगिरी आधी सुधारते आणि एका टप्प्यानंतर घसरते, असं सांगणारा उलट्या 'यू'चा आलेख फळ्यावर काढून सगळ्या संघाला एकाच पातळीवर आणायचा प्रयत्न केला जातो. तो आलेख ज्या १९०८ सालच्या यर्क्स आणि डॉडसन यांच्या कामाशी जोडला जातो, ते काम उंदरांवर, विजेचे झटके देऊन केलेलं होतं. नंतर युरी हानिन यांनी खेळाडूंच्या अभ्यासातून मांडलं की उत्तम कामगिरीची पातळी प्रत्येकाची वेगळी असते. एखादी खेळाडू कोपऱ्यात गाणी ऐकत बसते तेव्हा छान खेळते, दुसरीला उड्या मारून, आरडाओरडा करून तापावं लागतं. खेळही वेगळे असतात. वजन उचलणाऱ्याला जी धग हवी ती नेमबाजाला चालत नाही.

मग करायचं काय? मागच्या काही सामन्यांआधी उत्तेजना किती होती याला शून्य ते दहा गुण द्या, शेजारी त्या दिवशीचा खेळ कसा झाला ते लिहा. सात-आठ सामन्यांच्या नोंदी झाल्या की तुमचा पट्टा, म्हणजे किती उत्तेजनेत तुम्ही चांगलं खेळता, ते दिसू लागतं. आज त्याच्या वर असाल तर श्वास लांबवा : चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, दोन-तीन मिनिटं. श्वास सोडताना हृदयाचा वेग किंचित उतरतो, म्हणून उच्छ्वास लांब ठेवायचा. पट्ट्याच्या खाली असाल तर जोरदार वॉर्म-अप, छोट्या वेगवान धावा, मोठा आवाज. आणि श्वासाचा हा सराव रोज करा. सामन्याच्या दिवशी पहिल्यांदा केलात तर तो काम करणार नाही आणि 'याने काही होत नाही' असा गैरसमज मात्र पक्का होईल.

चूक : मुरलेली हालचाल मध्येच तपासायला घेणं

दडपण वाढलं की खेळाडू हातापायांकडे लक्ष देऊ लागतो. कोपर किती वर आहे, पाऊल कुठे पडतंय, बोटं कशी सुटतायत. शिकताना हे सगळं लागतं. मुरल्यावर मात्र हीच हालचाल आपोआप होत असते, आणि आपोआप चाललेल्या गोष्टीत पायरी-पायरीने ढवळाढवळ केली की ती तुटक होते. 'आज मी फार काळजीपूर्वक खेळलो, तरी हरलो,' असं खेळाडू सांगतो तेव्हा अनेकदा तो त्या काळजीमुळेच हरलेला असतो.

रिच मास्टर्स यांनी १९९२ साली गोल्फच्या पटिंगवर, म्हणजे चेंडू हलकेच ढकलून भोकात घालण्यावर, केलेला प्रयोग या बाबतीत महत्त्वाचा आहे. काहींना नियम सांगून शिकवलं, काहींना नियमांचा विचारच करता येणार नाही अशा रीतीने शिकू दिलं. दडपण आणल्यावर नियम पाठ असलेले डगमगले, दुसरे टिकले. गाब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली स्कीइंगच्या सिम्युलेटरवर दाखवलं की स्वतःच्या पायांऐवजी यंत्राच्या चाकांवर लक्ष ठेवणारे जास्त चांगलं शिकले. पुढे अनेक खेळांत याच अंगाने अभ्यास झाले आणि दिशा बहुतेक तीच राहिली : शरीराच्या अवयवापेक्षा हालचालीच्या परिणामावर लक्ष ठेवलेलं बरं.

प्रशिक्षकांनी सूचना बदलून बघाव्यात. 'गुडघा सरळ कर' ऐवजी 'जमीन मागे ढकल'. 'मनगट वाकव' ऐवजी 'चेंडू रिंगच्या मागच्या कडेवरून आत टाक'. तंत्र सुधारायचं असेल तर त्यासाठी हंगामाआधीचे महिने आहेत. सामन्याच्या दिवशी, टाइमआउटमध्ये, तंत्राची एकही दुरुस्ती सांगू नका. त्या मिनिटात फक्त डावपेच आणि धीर.

खेळाडूने स्वतःसाठी एक शब्द ठरवावा. एकच. 'सलग', 'उंच', 'सोड', जो आपल्या हालचालीची लय आठवून देतो तो. डोकं अवयवांकडे वळू लागलं की तो शब्द मनात म्हणायचा.

चूक : 'नको'च्या भाषेत सूचना

'वाइड टाकू नकोस.' 'नेटमध्ये मारू नकोस.' ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आधी वाइड आणि नेटच येतात. डॅनियल वेग्नर यांनी पटिंगवरच दाखवून दिलं होतं की 'चेंडू पुढे जाऊ देऊ नका' असं बजावून वर डोक्यावर दुसऱ्या कामाचा भार टाकला, की लोक चेंडू पुढेच जास्त ढकलतात. सामन्यात डोक्यावर भार असतोच. म्हणून कुठे जायला नको ते सांगण्याऐवजी कुठे जायला हवं ते सांगा : 'ऑफ स्टंपच्या वरचं टोक', 'मागच्या कोपऱ्यात उंच'. मनात स्वतःशी बोलतानाही हाच नियम.

चूक : व्हिज्युअलायझेशन म्हणजे पदकाचं स्वप्न

डोळे मिटून मनात चित्र आणायचं : गळ्यात पदक, टाळ्या, झेंडा. छान वाटतं, पण याने कौशल्याची उजळणी होत नाही. उजळणी व्हायला चित्रात प्रत्यक्ष कृती हवी, ती खऱ्या वेगाने हवी आणि अंगाला जाणवली पाहिजे : हातातलं वजन, जमिनीचा टणकपणा, श्वास, आवाज. शक्य असेल तर किट घालून, उभं राहून, हातात साहित्य धरून करावं. सात सेकंदांची कृती मनात वीस सेकंद चालत असेल तर लय बिघडवण्याचाच सराव होतोय. पाच मिनिटं पुरतात. लांबवलं की लक्ष भरकटतं.

आणि चित्रात अडचणी घाला. सुरुवात चुकली, पंचाचा निर्णय विरुद्ध गेला, साहित्य बिघडलं, मग पुढची कृती काय? २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत मायकल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी भरलं. त्याला भिंत दिसत नव्हती. तो हातांचे फटके मोजत पोहला आणि १ मिनिट ५२.०३ सेकंदांचा विश्वविक्रम करून जिंकला. फटक्यांचा आकडा त्याला ठाऊक होता, म्हणून तो मोजत पोहू शकला. वर्षानुवर्षांच्या उजळणीतून हीच गोष्ट हाती लागते : नेहमीचा आधार सुटला तरी दुसरा सापडतो.

एक इशारा. काहींच्या मनात चूकच पुन्हा पुन्हा दिसते. तिथे जबरदस्तीने पुढे जाऊ नका. चित्र थांबवा, कृतीचा फक्त पहिला भाग घ्या, तो नीट दिसू लागला की पुढचा जोडा.

चूक : रूटीनची अंधश्रद्धा होणं

सर्व्हआधी चेंडू तीनदा टप्पा पाडणं हे रूटीन. त्यामुळे लक्ष एका जागी येतं आणि ते पूर्णपणे आपल्या हातात असतं. 'निळे मोजे सापडले नाहीत तर आज हरणार' ही अंधश्रद्धा, कारण तिची दोरी बाहेरच्या गोष्टीच्या हातात आहे. कसोटी सोपी आहे : ते करता आलं नाही तर खेळाडू कोलमडतो का? कोलमडत असेल तर ते मुद्दाम मोडून सराव करा.

रूटीन नियमात बसलं पाहिजे, हेही अनेकदा राहून जातं. टेनिसमध्ये दोन गुणांमध्ये २५ सेकंद असतात, बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या (फिबा) नियमांनुसार फ्री थ्रोला ५ सेकंद, कबड्डीत चढाईला ३० सेकंद. घड्याळ लावून बघा. रूटीन लांब असेल तर ऐन दडपणात घाई होते.

चूक : सराव गुळगुळीत ठेवणं

मोकळं मैदान, ओळखीचे चेहरे, चुकलं तर पुन्हा एक संधी. अशा सरावातून आलेला आत्मविश्वास अशाच परिस्थितीत टिकतो. सामन्यात पुन्हा संधी नसते. म्हणून सरावात परिणाम जोडा : एकच प्रयत्न, तोही सगळ्यांसमोर, व्हिडिओ चालू, चुकला तर पूर्ण गटाला एक फेरी. दमलेलं असताना निर्णायक गुण खेळवा. हरत असलेल्या गुणसंख्येवरून डाव सुरू करा. सौम्य दडपणातही नियमित सराव केलेले खेळाडू पुढे मोठ्या दडपणात कमी घसरतात, हे बास्केटबॉल आणि डार्ट्सच्या अभ्यासांत दिसलं आहे.

अभिनव बिंद्राने बीजिंगच्या आधी भीतीशी ओळख व्हावी म्हणून उंच खांबावर चढण्याचा सराव केला होता. २००८ सालच्या त्या १० मीटर एअर रायफल अंतिम फेरीत शेवटच्या गोळीआधी तो आणि फिनलंडचा हेन्री हॅकिनेन बरोबरीत होते. बिंद्राने १०.८ मारले, हॅकिनेनने ९.७. सुवर्ण एकाकडे गेलं आणि दुसरा थेट कांस्यावर आला. खांबावर चढल्यामुळेच १०.८ आले असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण आपण अवघडलेल्या अवस्थेतही काम करू शकतो हे त्याने आधी अनुभवलेलं होतं.

मात्र दडपणाचा सराव म्हणजे अपमान नव्हे. शिवीगाळ, टोमणे, मुलाला एकटं पाडणं याने कणखरपणा येत नाही. खेळाडू चूक लपवायला शिकतो आणि मग दुखापतही लपवतो.

चूक : घरी परतताना घेतलेली हजेरी

ही पालकांसाठी, मनापासून. सामना हरून आलेल्या मुलाला आपलं काय चुकलं हे बहुतेक वेळा ठाऊक असतं. वाटेत चुकांची यादी वाचणं, झालेला खर्च मोजून दाखवणं, दुसऱ्याच्या मुलाशी तुलना करणं, याने मूल एवढंच शिकतं की आईबाबांचं प्रेम निकालावर ठरतं. मग पुढच्या सामन्यात ते प्रतिस्पर्ध्याशी आणि घरच्या नजरेशी, दोघांशी एकदम खेळतं. त्या दिवशी जेवण, झोप आणि 'तुला खेळताना बघायला आवडतं' एवढंच पुरे. खेळाची चर्चा दुसऱ्या दिवशी, मुलाने विषय काढला तर.

जिंकल्यावरही जपा. 'तू जन्मजात हुशार आहेस' यापेक्षा 'दुसऱ्या गेममध्ये तू डाव बदललास, ते छान होतं' हे ऐकलेलं मूल पुढच्या वेळी काय पुन्हा करायचं हे जाणतं.

चूक : आजाराला कमकुवतपणा समजणं

टोकियो ऑलिंपिकमध्ये २७ जुलै २०२१ रोजी अमेरिकेची जिमनॅस्ट सिमोन बाइल्सने व्हॉल्टवर अडीच गिरक्या घ्यायचं ठरवलं होतं, प्रत्यक्षात दीडच झाली. हवेत आपलं शरीर कुठे आहे याचं भानच तिला राहिलं नव्हतं. ती सांघिक अंतिम फेरीतून बाहेर पडली. 'पळ काढला' म्हणणारे तेव्हा कमी नव्हते. पण हवेत दिशाभान हरवलेल्या जिमनॅस्टला पुढे ढकलणं म्हणजे तिची मान मोडण्याचा धोका पत्करणं. तिने त्याच स्पर्धेत बीमवर कांस्य मिळवलं, उपचार आणि विश्रांती घेतली आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्ण व एक रौप्य जिंकलं.

श्वास, रूटीन, शब्द ही साधनं कामगिरीसाठी आहेत. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासी, झोप किंवा भूक बिघडणं, खेळाचाच नव्हे तर सगळ्याचाच कंटाळा, वजनाविषयी सततची भीती, अचानक येणारे घाबरण्याचे झटके यांवर ती पुरेशी नाहीत. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी मदत घ्या. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर मैदानात परतताना वाटणारी भीतीही हसण्यावारी नेऊ नका; गुडघा बरा झाल्यावरही मन तयार व्हायला वेळ लागतो.

क्रीडा मानसशास्त्रज्ञ कामगिरीची कौशल्यं शिकवतो, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ त्रासावर बोलून उपचार करतो, मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर असतो आणि औषध देऊ शकतो. कुणाकडेही जाण्याआधी दोन प्रश्न विचारा : शिक्षण काय झालं आहे, आणि खेळाडूने सांगितलेलं प्रशिक्षकाला किंवा निवड समितीला कळणार का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्वच्छ 'नाही' असं आलं नाही, तर दुसरा तज्ज्ञ शोधा.